बांधावरचे दोन ढीग

उन्हाळ्याच्या तोंडावर पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायती पट्ट्यातून संध्याकाळी गेलं, की बांधाबांधांवर दोन प्रकारचा धूर दिसतो. एक पांढुरका, तोडणी झालेल्या उसाच्या पाचटाचा. दुसरा काळा, घशात चरचरणारा. तो कलिंगड किंवा मिरची निघाल्यावर उपटून टाकलेल्या मल्चिंग पेपरचा आणि फुटक्या ठिबक नळ्यांचा असतो. त्याला ‘पेपर’ म्हणतात खरं, पण तो असतो पॉलिथिनचा पातळ पापुद्रा. शेतकऱ्याच्या लेखी दोन्ही ढीग म्हणजे पुढच्या पिकाच्या आड येणारी अडगळ. रसायनशास्त्राच्या लेखी दोन्ही कार्बनचे साठे. एक यंदाच्या हंगामात हवेतून घेतलेला, दुसरा कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गाडला गेलेला.

या ढिगांपासून पेट्रोल, डिझेल किंवा विमानाचं इंधन करता येईल का? गेल्या अर्धशतकात जगभरच्या प्रयोगशाळांनी या प्रश्नाचं उत्तर वेगवेगळ्या रीतींनी दिलं आहे, आणि ते ‘येतं’ असंच आहे. दर काही महिन्यांनी ‘कचऱ्यातून डिझेल’ अशी बातमी येते, तीही बहुतेक वेळा खोटी नसते. तरीही अशा डिझेलचा पंप आपल्या तालुक्याच्या गावी दिसत नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर या सगळ्या खटाटोपाच्या मध्यभागी असलेल्या उत्प्रेरकाची मर्यादा आधी ओळखावी लागते. जी क्रिया एरवी कूर्मगतीने होईल किंवा फार उष्णता मागेल, ती उत्प्रेरक सोपी आणि जलद करतो. अनेक संभाव्य पदार्थांपैकी नेमका हवा तो जास्त मिळावा, अशी वाटही काढून देतो. पण जे अणू भट्टीत गेले नाहीत, ते तो बाहेर काढू शकत नाही. उत्प्रेरक वेग बदलतो, हिशोब बदलत नाही. या क्षेत्रातलं यश आणि अपयश, दोन्ही या एका वाक्यात तपासता येतं.

साखर, आम्ल आणि कोळसा

शाळेतला एक प्रयोग अनेकांना आठवत असेल. चंचुपात्रातल्या साखरेवर गुरुजी तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओततात. साखर पिवळी होते, मग तपकिरी, मग काळी, आणि वाफ सोडत एक सच्छिद्र काळा खांब फुगून वर येतो. आम्लाने साखरेतलं पाणी ओढून घेतलं आणि मागे कोळसा उरला.

काडीकचऱ्यापासून इंधन करण्यातली मुख्य अडचण या प्रयोगात आहे. साखरेत आणि काडीतल्या सेल्युलोजमध्ये दर ऑक्सिजन अणूमागे बरोबर दोन हायड्रोजन असतात. सेल्युलोजच्या वजनात जवळपास निम्मा वाटा ऑक्सिजनचा. हा ऑक्सिजन जळत नाही, तो नुसता बोजा आहे. म्हणून कोरड्या काडीकचऱ्यात किलोमागे १५ ते १८ मेगाज्यूल ऊर्जा भरते, तर डिझेलमध्ये ४३ च्या आसपास. ऑक्सिजन काढला पाहिजे हे उघड आहे, पण तो पाण्याच्या रूपाने काढला की सगळा हायड्रोजनही बरोबर जातो आणि हाती कोळसा राहतो. कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने काढला तर कार्बनच खर्ची पडतो. यीस्ट हेच करतं: साखरेच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन रेणू मिळतात आणि एकतृतीयांश कार्बन बुडबुड्यांवाटे हवेत निघून जातो. तिसरा मार्ग म्हणजे बाहेरून हायड्रोजन आणायचा, आणि तो फुकट मिळत नाही.

प्लास्टिकची अडचण निराळी. पॉलिथिनमध्ये ऑक्सिजन नाही. दर कार्बनला दोन हायड्रोजन, म्हणजे घडण जवळपास डिझेलचीच. फरक लांबीचा. डिझेलमधल्या साखळ्या साधारण दहा ते वीस कार्बनच्या, पॉलिथिनमधल्या हजारो कार्बनच्या. थोडक्यात, काडीत हायड्रोजनचा तुटवडा आणि प्लास्टिकमध्ये लांबीचा अतिरेक. या दोन वाक्यांचा पुढे एकमेकांशी संबंध येणार आहे.

वनस्पती तुपापासून झिओलाइटपर्यंत

‘कॅटॅलिसिस’ हा शब्द स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ च्या सुमारास घडवला. आपल्याकडे उत्प्रेरक घराघरात पोचला तो वनस्पती तुपातून. शेंगदाण्याचं किंवा सरकीचं पातळ तेल निकेलच्या बारीक कणांच्या सान्निध्यात हायड्रोजन घेतं आणि थिजतं. डबा फोडणाऱ्याला निकेलचं नावही माहीत नसे, पण तूप त्याच्याच जोरावर झालेलं असे.

खनिज तेलाच्या धंद्यात मोठी उडी पडली १९३७ मध्ये. यूजीन हूड्रीच्या पद्धतीवर चालणारा पहिला मोठा कारखाना अमेरिकेतल्या मार्कस हुक इथे सुरू झाला आणि मातीसारख्या उत्प्रेरकावर जड तेल तोडून पेट्रोल मिळू लागलं. १९६० च्या दशकात त्या मातीची जागा झिओलाइटने घेतली. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची स्फटिकी जाळी. तिची छिद्रं रेणूंच्या मापाची असतात. ज्या रेणूला आत शिरता येईल त्याच्यावर क्रिया होईल, आणि ज्याला बाहेर पडता येईल तोच माल म्हणून मिळेल. ‘मोबिल’ कंपनीच्या झेडएसएम-५ या झिओलाइटची छिद्रं साधारण अर्ध्या नॅनोमीटरची, पेट्रोलमधल्या रेणूंना अगदी बेतशीर. त्याच्या जोरावर न्यूझीलंडमध्ये मोटुनुई इथे १९८५ पासून नैसर्गिक वायूचं आधी मिथेनॉल आणि मग पेट्रोल होऊ लागलं.

या कथेत पुण्याचाही वाटा आहे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कुळातले ‘एन्सिलाइट’ नावाचे उत्प्रेरक घडवले आणि १९८० च्या दशकात ते देशी पेट्रोरसायन कारखान्यांत वापरात आले. उत्प्रेरक घडवायला आपल्याला परदेशाच्या तोंडाकडे पाहावं लागतं, ही समजूत म्हणून खरी नाही.

काडीकचऱ्याच्या तीन वाटा

पहिली वाट सगळं मोडून टाकण्याची. काडीकचरा, लाकूड किंवा शहरी कचरा अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये प्रखर तापवून त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असा वायू करायचा. मग लोह किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकावर त्याच्या साखळ्या पुन्हा जोडायच्या. ही जोडणी फिशर आणि ट्रॉप्श यांनी जर्मनीत १९२५ च्या सुमारास साधली. दक्षिण आफ्रिकेच्या ‘सासोल’ने १९५५ पासून कोळशावर तिचा मोठा उद्योग उभा केला. कोळशावर जे जमलं ते कचऱ्यावर सहज जमेल असं वाटलं होतं. पण जर्मनीतली ‘कोरेन’ कंपनी लाकडावर हा प्रयोग करता करता २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत नेवाडा राज्यात शहरी कचऱ्यापासून विमानाचं इंधन करू पाहणाऱ्या ‘फल्क्रम’ने २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. रसायन दोन्ही ठिकाणी तेच होतं. कोळसा वर्षभर एकसारखा येतो. कचऱ्याची प्रत्येक गाडी निराळी असते.

दुसरी वाट झटपट भाजण्याची. हवेविना साधारण ५०० अंश सेल्सिअसला काही सेकंदांत काडी भाजली, की वाफ होते आणि ती थंड केल्यावर काळपट तेल मिळतं. त्याला जैवतेल म्हणतात, पण तेलाचा गुण त्यात कमीच. पाणी १५ ते ३० टक्के, आंबटपणा व्हिनेगरसारखा, आणि ठेवून दिलं तर दाट होत जातं. ही वाफ थंड होण्याआधीच झिओलाइटवरून नेली, तर ऑक्सिजन निघून पेट्रोलसदृश रेणू मिळतात. पण इथे शाळेतला प्रयोग पुन्हा आडवा येतो. हायड्रोजन अपुरा असल्याने बराचसा कार्बन झिओलाइटच्या छिद्रांतच काजळी होऊन बसतो.

या वाटेवरची सर्वांत बोलकी गोष्ट ‘कियोर’ची. पाइनच्या लाकडापासून थेट पेट्रोल-डिझेल करण्याचा दावा करत या कंपनीने मिसिसिपी राज्याकडून साडेसात कोटी डॉलरचं बिनव्याजी कर्ज घेतलं आणि कोलंबस गावी कारखाना उभारला. इंधन निघालं, पण टनामागे जितकं निघेल असं सांगितलं होतं त्याच्या जवळपासही ते पोचलं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनी बुडाली. उताऱ्याच्या आकड्यांबाबत गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याचा आरोप अमेरिकी बाजार-नियामकाने पुढे तिच्यावर ठेवला. तिथला उत्प्रेरक निकामी नव्हता. त्याने करावं असं ठरवलेलं काम हायड्रोजनच्या हिशोबात बसत नव्हतं.

तो हिशोब बसवण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न शिकागोजवळच्या गॅस टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने केला. भाजणी साध्या हवाविरहित भट्टीत न करता दाबाखालच्या हायड्रोजनमध्येच करायची, आणि लागणारा हायड्रोजन याच प्रक्रियेत निघणाऱ्या हलक्या वायूंपासून तयार करायचा. म्हणजे काडीचा काही भाग हायड्रोजनसाठी बळी द्यायचा, हे आधीच मान्य करायचं. शेल कंपनीने या तंत्राचं रोज पाच टनांचं प्रात्यक्षिक संयंत्र बंगळूरूला उभारलं.

तिसरी वाट जैविक उत्प्रेरकांची, म्हणजे विकरांची. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू झपाट्याने कुजू लागले. कारण शोधताना बूगनव्हिल बेटावरच्या नमुन्यात एक बुरशी सापडली. तिच्यातून स्रवणारी विकरं सेल्युलोज फोडून साखर करतात. ‘ट्रायकोडर्मा रीसाय’ नावाच्या त्या बुरशीची वंशावळ आज पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या उद्योगाचा कणा आहे. तंबू खाणारी कीड कारखान्याची कामगार झाली.

भारताने मुख्यतः हीच वाट धरली. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपत इथे इंडियन ऑइलच्या प्रकल्पाचं लोकार्पण झालं. तंत्रज्ञान पुण्याच्या ‘प्राज’चं, खर्च नऊशे कोटींच्या वर, आणि उद्दिष्ट वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल. म्हणजे टनाला दीडशे लिटर. आसामात नुमालीगढ इथे बांबूपासून इथेनॉल करणारा प्रकल्प सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. बाहेरचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. इटलीतल्या क्रेशेंतिनोचा कारखाना २०१३ मध्ये गाजावाजात सुरू झाला आणि २०१७ मध्ये बंद पडला (पुढे दुसऱ्या कंपनीने तो घेतला). ड्युपाँटने आयोवातला आपला कारखाना दोनच वर्षांत विकायला काढला. रुमानियातला क्लॅरियंटचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०२३ च्या अखेरीस झाला. ब्राझीलच्या ‘रायझेन’चा कारखाना या सगळ्यांपेक्षा जास्त काळ टिकला, आणि त्यामागचं कारण साखर कारखानदारांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. तो साखर कारखान्याला लागूनच आहे. त्याचा कच्चा माल, म्हणजे बगॅस, ऊस गाळला की गव्हाणीच्या दुसऱ्या टोकाला आपोआप येऊन पडतो. वेगळा गोळा करावा लागत नाही.

प्लास्टिकची भट्टी

प्लास्टिक तापवून तोडणं तुलनेने सोपं. हवाबंद भांड्यात ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवलं की साखळ्या तुटतात. पण नुसत्या उष्णतेने त्या कुठेही तुटतात, त्यामुळे मेण, तेल आणि वायू यांची खिचडी मिळते. झिओलाइटसारखा उत्प्रेरक घातला की तापमान उतरतं आणि मालात पेट्रोल-डिझेलच्या मापाचे रेणू वाढतात.

महाराष्ट्रात याची चर्चा जुनी आहे. नागपूरच्या प्राध्यापक अलका झाडगावकर यांच्या प्रयोगांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशभर कुतूहल निर्माण केलं आणि बुटीबोरीला त्यावर कारखानाही उभा राहिला. पुढे पुण्यात ‘रुद्र’ कंपनीने घरोघरचं प्लास्टिक गोळा करून जेजुरीजवळ त्याचं तेल करायला सुरुवात केली. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने ‘गेल’च्या साह्याने रोज एक टन प्लास्टिकपासून डिझेल करणारं संयंत्र ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू केलं. टनामागे आठशे लिटरपर्यंत डिझेल मिळेल, असं त्या वेळी सांगण्यात आलं. पेंढ्याच्या दीडशे लिटरशी तुलना केली की ऑक्सिजनच्या बोजाचा अर्थ लगेच कळतो.

पण आठशे लिटर निघतात ते निवडलेल्या, स्वच्छ प्लास्टिकमधून. शेतातलंच उदाहरण घ्या. ठिबकच्या काळ्या नळ्या पॉलिथिनच्या, आणि त्यांना पाणी पुरवणारी मुख्य पाइपलाइन पीव्हीसीची. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतं. त्याचे तुकडे भट्टीत गेले की हायड्रोक्लोरिक आम्ल निघतं. ते पोलाद खातं, उत्प्रेरक बिघडवतं आणि तेलात क्लोरीनची संयुगं सोडतं. पाण्याच्या बाटलीतलं पेट तापलं की त्यातून आम्लाचे स्फटिक सुटतात आणि नळ्या तुंबवतात. बिस्किटाच्या आणि वेफर्सच्या पुड्यांत प्लास्टिकच्या थरांत ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. म्हणजे प्लास्टिक हा एक पदार्थ नव्हे. ते एक आडनाव आहे, आणि घरातली माणसं एकमेकांशी पटवून घेत नाहीत.

शिवाय भट्टीतून निघालेलं तेल थेट गाडीत घालण्याजोगं नसतं. त्यातले असंपृक्त रेणू काही काळाने चिकट राळ धरतात. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनुसार डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत दहा भागांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून लहान भट्ट्यांचं तेल बहुतेक बॉयलरमध्ये किंवा कारखान्यांच्या भट्ट्यांत जळतं. गाडीपर्यंत पोचायचं तर त्याला पुन्हा हायड्रोजनची प्रक्रिया लागते, म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्याची पायरी चढावी लागते.

संशोधनाचा नवा ओघ म्हणूनच तापमान उतरवण्याकडे आणि हायड्रोजनसह तोडण्याकडे आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं, की प्लॅटिनम आणि टंगस्टनयुक्त उत्प्रेरक झिओलाइटबरोबर वापरला, तर पॉलिथिन २२५ अंशांइतक्या कमी तापमानातही हायड्रोजनमध्ये तुटतं आणि दोन तासांत ८५ टक्क्यांपर्यंत इंधनयोग्य द्रव मिळतो. इंधनाच्या दृष्टीने हा आकडा फार मोलाचा. फक्त त्यात प्लॅटिनम आहे आणि दाबाखालचा हायड्रोजन आहे, हे विसरायचं नाही.

दोघांची मोट

आता आधीची दोन वाक्यं जोडता येतील. काडीत हायड्रोजन कमी, पॉलिथिनमध्ये भरपूर. मग दोन्ही एकाच भट्टीत घातले तर? या कल्पनेवर गेली पंधरा-वीस वर्षं बरंच काम झालं आहे, आणि निष्कर्ष उत्साह वाढवणारे आहेत. झेडएसएम-५ च्या छिद्रांत काडीतून आलेले फ्युरान नावाचे रेणू आणि प्लास्टिकमधून सुटलेले हलके ओलेफिन एकमेकांना भेटतात, त्यांचं कडं जुळतं आणि पाणी निघून जाऊन टोल्युइन, झायलीनसारखे रेणू तयार होतात. दोन्ही पदार्थ वेगवेगळे भाजून जितका माल मिळाला असता, त्यांच्या बेरजेपेक्षा एकत्र भाजून जास्त मिळतो आणि काजळी कमी बसते. वरवर हिशोब मोडल्यासारखं वाटतं, पण तसं नाही. जो हायड्रोजन बाहेरून विकत आणावा लागला असता, तो इथे शेजारच्या ढिगाने पुरवला.

सूर्यप्रकाशावरची वाटही दोघांना एकत्र आणते. केंब्रिजमधल्या एर्विन राइसनर यांच्या गटाने कॅडमियम सल्फाइडच्या सूक्ष्म कणांवर अल्कली द्रावणात आधी (२०१७) काडीकचरा आणि मग (२०१८) प्लास्टिक ठेवलं आणि उन्हाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन काढून दाखवला. तापमान साधं, दाब साधा. पण वेग अगदी मंद, आणि कॅडमियम विषारी. प्रयोगशाळेच्या काचेतून आवारातल्या टाकीत यायला या वाटेला बरीच मजल मारायची आहे.

विष, माती आणि मालमोटार

उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही असं पुस्तकात शिकवतात. कारखान्यात तो मरतो, आणि त्याच्या मरणाची कारणं ठरलेली असतात. विष कसं चढतं याचं उदाहरण आपल्या रस्त्यांवरचं आहे. गाड्यांच्या धुराड्यातला प्लॅटिनमचा उत्प्रेरक शिशाने निकामी होतो. म्हणून आधी शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच विकलं जाऊ लागलं. उत्प्रेरक सुधारण्याऐवजी इंधन स्वच्छ करावं लागलं.

काडीकचऱ्यात शिशाची जागा राख घेते. लाकडात ती एका टक्क्याच्या आसपास, भाताच्या पेंढ्यात पंधरा टक्क्यांच्या घरात. त्या राखेतलं पोटॅशियम झिओलाइटची आम्लता मारून टाकतं आणि त्याची धार कायमची जाते. काजळी मात्र जाळता येते. तेलशुद्धीकरण कारखान्यांत उत्प्रेरक काही सेकंद काम करून शेजारच्या टाकीत काजळी जाळून परत येतो, दिवसरात्र. राखेवर असा उतारा नाही.

त्याआधीची लढाई मातीची. जमिनीवरून उचललेल्या गासड्यांत खडे आणि वाळू येते, ती दळणयंत्रांची पाती झिजवते, कन्व्हेअर अडवते. आयोवा आणि क्रेशेंतिनोच्या कथा ऐकल्या की रसायनापेक्षा या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीच जास्त पुढे येतात. पंप करता येणाऱ्या द्रवावर बेतलेली उद्योगशास्त्राची सवय काडीला चालत नाही.

आणि शेवटी मालमोटार. डिझेलचं वजन घनमीटरला ८३० किलोच्या आसपास, सैल पेंढ्याचं शंभरही नाही. ट्रक भरल्यासारखा दिसतो, पण तो बराचसा हवा वाहून नेतो. पंजाब-हरियाणात भात निघाल्यापासून गहू पेरेपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. तेवढ्यात वर्षभराचा माल बांधून, वाहून, पावसापासून आणि आगीपासून जपून ठेवायचा. प्लास्टिकचंही तेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदीत २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ४१ लाख टन प्लास्टिक कचरा निघाला. पण तो एका जागी नाही. तो गटारात, कचरा डेपोत, बांधावर आणि नदीकाठी विखुरलेला आहे. तो निवडणाऱ्या हातांचं ज्ञान कुठल्याही प्रकल्प अहवालात दिसत नाही. दुधाच्या पिशवीला भंगारात भाव आहे, वेफर्सच्या पुडीला नाही, हे पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बाईला प्रकल्पाच्या सल्लागाराआधी ठाऊक असतं.

कार्बनचा खातेउतारा

काडी आणि प्लास्टिक भट्टीत एकत्र येत असले, तरी त्यांचे खातेउतारे वेगळे आहेत. काडीचा कार्बन हवेतूनच आलेला. तो जाळला तर फिरून हवेत जातो. प्लास्टिकचा कार्बन खनिज तेलाचा. एक किलो पॉलिथिन पूर्ण जळलं की सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, मग ते बांधावर जळो की डिझेल होऊन इंजिनात. फरक एवढाच की इंजिनात जळताना ते तितकं नवं डिझेल वाचवतं आणि काळा धूर टाळतं. हा फायदा खरा आहे, पण त्याला ‘हरित’ म्हणणं म्हणजे जुनं कर्ज नव्या वहीत उतरवणं.

प्लास्टिकचं पुन्हा प्लास्टिक करण्यासाठी ही भट्टी वापरायची म्हटलं, तरी गणित अवघडच. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०२३ मध्ये केलेल्या तुलनेत पायरोलिसिस (हवेविना भाजणं) आणि गॅसिफिकेशन (मोडून वायू करणं) यांचा आर्थिक आणि पर्यावरणीय भार नव्या प्लास्टिकच्या १० ते १०० पट निघाला. वितळवून पुन्हा साच्यात घालण्याचा साधा पुनर्वापर बहुतेक कसोट्यांवर उजवा ठरला. जे वितळवून वापरता येतं ते आधी वितळवावं, हा त्याचा सरळ अर्थ.

काडीच्या खात्यातही एक कलम नेहमी सुटतं. जिला आपण ‘कचरा’ म्हणतो तिला बहुतेक वेळा आधीच मालक असतो. ज्वारीचा कडबा हा कचरा नव्हे, ती जनावरांची वैरण आहे आणि दुष्काळात तिचा भाव धान्याशी स्पर्धा करतो. तुराट्यांचे कूड होतात, चुलीत सरपण होतं. बगॅसवर साखर कारखान्याचा बॉयलर आणि सहवीजनिर्मिती चालते. पाचट शेतातच कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय कार्बन मिळतो, ओल टिकते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट म्हणजे सोन्यासारखं खत, असं कृषी विभाग कित्येक वर्षं सांगत आला आहे. ते उचलून भट्टीत घातलं, तर इंधनाचं श्रेय शहराला आणि जमिनीची झीज शेतकऱ्याला.

अपवाद आहे तो पऱ्हाट्यांचा. विदर्भ-मराठवाड्यात कापूस संपल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांत आणि फरदडीत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहते. त्या शेताबाहेर गेल्याच पाहिजेत. त्या लाकडासारख्या टणक, राख कमी, वैरण म्हणून निरुपयोगी. भट्टीला काडी द्यायचीच असेल तर पहिला मान पऱ्हाटीचा.

मग करायचं काय

या आढाव्यातून एक क्रम आपोआप मांडला जातो. पाचट मातीला, कडबा गोठ्याला, पऱ्हाटी भट्टीला. दुधाची पिशवी आणि ठिबकची नळी पुनर्वापराला. त्यातून उरलेला मळका, बहुथरी, भाव नसलेला माल भट्टीला. २०२२ च्या उत्पादक-जबाबदारीच्या नियमांत प्लास्टिकचं तेल करणं हे ‘अंतिम विल्हेवाटी’च्या रांगेत बसवलं आहे. ती जागा योग्य आहे, आणि जाहिरातीच्या जोरावर तिला पुनर्वापराच्या वर सरकू देऊ नये.

कुठलं इंधन, याचंही उत्तर नेमकं हवं. दुचाकीला आणि रिक्षाला वीज चालते. विमानाला अजून तरी तेल लागतं. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात मळीच्या इथेनॉलपासून उत्प्रेरकांवर घडवलेलं देशी इंधन अल्प प्रमाणात मिसळलेलं होतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक टक्का आणि २०३० पर्यंत पाच टक्के असं मिश्रण करण्याचं लक्ष्य देशाने ठरवलं आहे. मोलाचा कार्बन मोलाच्या जागी जावा, हे धोरण म्हणून पटतं.

आणि गावात, तालुक्यात उद्या कोणी ‘कचऱ्यातून डिझेल’चा प्रकल्प घेऊन आलं, तर ग्रामसभेत चार प्रश्न विचारावेत. माल नेमका कोणता, आणि तो आज कोण वापरतं? हायड्रोजन कुठून येणार? असा कारखाना दुसरीकडे वर्षातले किती दिवस प्रत्यक्ष चालला? आणि मेलेला उत्प्रेरक, काजळी आणि राख कुठे टाकणार? टनामागे किती लिटर, हा प्रश्न पाचवा. आपण मात्र नेहमी तोच पहिला विचारतो.

मघाशी पीव्हीसी आणि पॉलिथिन यांच्या भांडणाचं सांगितलं. त्यावर एक उपाय कुठल्याही उत्प्रेरकाहून स्वस्त आहे. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, पीव्हीसी आणि पेट जड. दोन्हींचे तुकडे पाण्यात टाकले की ठिबकची नळी तरंगते आणि पाइपलाइनचा तुकडा तळाला जातो. अर्ध्या नॅनोमीटरच्या छिद्रांवर जग पन्नास वर्षं झटलं; त्या कामाला फळ यायचं असेल तर बांधावर, भट्टीच्या कितीतरी आधी, कोणीतरी पाण्याचं एक पिंप भरून ठेवलं पाहिजे, आणि त्या माणसाला त्या कामाची मजुरी मिळाली पाहिजे.